बुडाल्या राज्याचे दिवाण

तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी 29 ऑक्टोबर 1855 रोजी वारले. पोटी मुलगा नव्हता. मुलुखाचा कारभार 1799 च्या तहानेच ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. उरला होता तो किल्ला, राजवाडा आणि राजेपणाचा मान. तोही आता खालसा झाला. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात कावेरीकाठी उभे केलेले भोसल्यांचे राज्य संपले. त्याच साली गव्हर्नर जनरल डलहौसीची नजर आणखी दक्षिणेला वळली. त्रावणकोरच्या महाराजांना मद्रासच्या गव्हर्नरामार्फत ताकीद गेली, की कारभार सुधारला नाही तर तुमचेही संस्थान घेतले जाईल.

त्रावणकोरच्या नोकरीत त्या वेळी कुंभकोणमचा एक तरुण होता. वय सव्वीस वर्षे. नाव टी. माधवराव, त्यातला ‘टी’ म्हणजे तंजावर. आपल्या मुलुखाचे राज्य गेल्याची बातमी त्यांनी परक्या दरबारात चाकरी करताना ऐकली. पुढे त्यांनी ते परके संस्थान कर्जातून बाहेर काढले, मग इंदूर सांभाळले, मग बडोदा. तंजावर बुडणे आणि त्रावणकोर वाचणे या दोन घटना मी नेहमी शेजारी शेजारी ठेवून पाहते. माझ्या मते माधवरावांच्या साऱ्या कारकिर्दीचा अर्थ तिथे आहे. ज्यांचे स्वतःचे राज्य कागदावर संपवले गेले, त्यांनी दुसऱ्यांची राज्ये कागद नीट ठेवून राखली.

मी कुंभकोणमची, तंजावरी मराठी घरातली. नोकरी महसूल खात्यात केली. पट्टा, चिट्टा, अडंगल हे जमिनीचे दाखले माझे रोजचे कागद. कुठल्या सर्व्हे नंबरात कुरुवैचे भात घेतले, कुठे सांबाचे, कुणाच्या नावावर जमीन आणि कसतो कोण, हे पाहणे माझे काम. आमच्या घरात माझ्या आधीही हेच काम होते. आजोबा गावचे कर्णम, म्हणजे कुलकर्णी, होते. तमिळनाडू सरकारने 1980 मध्ये वंशपरंपरेची गावकामगार पदे रद्द केली तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी घरांतली दप्तरे तालुका ऑफिसात जमा झाली. म्हणून माधवरावांच्या चरित्रात मला दरबार, पदव्या, तोफांच्या सलाम्या यांच्याआधी जमिनीचा कागद दिसतो.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मराठी माणसे राजाबरोबर आली आणि राजा गेल्यावरही राहिली. कुंभकोणमात आजही मराठा दरबारातल्या हुद्द्याच्या नावाचा दबीर स्ट्रीट आहे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसल्यांच्या वंशाचा लांबलचक मराठी लेख आहे. दरबारचे दप्तर मोडीत, रयत तमिळ, गाणे-बजावणे तेलुगूत, आणि 1799 नंतर वरिष्ठांचा पत्रव्यवहार इंग्रजीत. अशा ठिकाणी वाढलेल्या कारकुनाच्या मुलाला चार भाषा शिकाव्या लागत नसत, त्या कानावरूनच येत. हिशेब, जमाबंदी, खलिता लिहिणे ही या घराण्यांची विद्या. स्वतःच्या दरबारात जागा उरली नाही तेव्हा ती विद्या घेऊन ही माणसे पश्चिम घाट ओलांडून गेली.

माधवराव पहिले नव्हते. त्यांचे चुलते रायराया व्यंकटराव दोनदा त्रावणकोरचे दिवाण झाले, वडील रंगराव एकदा. त्या दोघांच्या अधेमधे तंजावरचेच सुब्बराव होते. त्यांच्या इंग्रजीच्या प्रभुत्वामुळे लोक त्यांना ‘इंग्लिश सुब्बराव’ म्हणत. स्वाती तिरुनाळ महाराजांचे ते शिक्षक. याच वाटेने मेरुस्वामी नावाचे मराठी कीर्तनकारही तंजावरहून तिरुवनंतपुरमला गेले, आणि त्यांच्या कीर्तनाच्या ढंगाने भारलेल्या स्वाती तिरुनाळांनी कुचेलाचे आणि अजामिळाचे आख्यान रचले. मराठी कीर्तनाची पद्धत केरळच्या राजाच्या रचनेत शिरली ती अशी, दिवाणांच्या मागोमाग.

20 नोव्हेंबर 1828 रोजी कुंभकोणमात जन्मलेल्या माधवरावांना मात्र घरच्या विद्येवर थांबावे लागले नाही. मद्रासच्या हायस्कुलात एअर बर्टन पॉवेल नावाचा केंब्रिजचा गणिती शिकवत होता. पुढे तीच शाळा प्रेसिडेन्सी कॉलेज झाली. माधवराव गणितात आणि विज्ञानात पहिल्या प्रतीचे ठरले. काही काळ तिथे शिकवले, मग अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी, आणि 1849 मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकवण्याचे बोलावणे आले. या राजपुत्रांपैकी आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ हे दोघे पुढे गादीवर बसले. शिक्षक म्हणून चार वर्षे, मग महसूल खाते, मग दक्षिण भागाचे दिवाण पेशकार. 1857 च्या अखेरीला दिवाण कृष्णराव वारले आणि कारभार माधवरावांकडे आला. पुढच्या वर्षी दिवाणपद कायम झाले तेव्हा त्यांची तिशीही पुरी झाली नव्हती.

तिजोरी रिकामी, नोकरांचे पगार थकलेले, मंदिरांच्या निधीतून उसने घेतलेले पैसे फेडायचे राहिलेले, अशी स्थिती होती. नव्या दिवाणाने कर वाढवला असता तर कुणाला नवल वाटले नसते. माधवरावांनी मक्ते उठवले. त्रावणकोरात मिरीचा मक्ता सरकारचा होता: शेतकऱ्याने पिकवायची, सरकार ठरवील त्या भावाने सरकारलाच घालायची. 1860 मध्ये तो गेला आणि त्याजागी निर्यातीवर जकात आली. काही वर्षांत तंबाखूचा मक्ताही गेला. 1865 मध्ये ब्रिटिश मुलूख, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यातल्या व्यापारावरच्या आडव्या जकाती उठवण्याचा करार झाला. उत्पन्न बुडेल अशी भीती घालणारे दरबारात पुष्कळ होते. घडले ते उलट. 1863 पर्यंत संस्थान कर्जातून मोकळे झाले होते. इंग्लंडच्या पार्लमेंटातले अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांनी माधवरावांना हिंदुस्थानचे तुर्गो म्हटले. तुर्गो म्हणजे फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या आधी धान्याचा व्यापार मोकळा करू पाहणारा मंत्री. त्याला दोन वर्षांत काढून टाकले गेले. माधवरावांना चौदा वर्षे मिळाली.

पण माझ्या हिशेबी त्या चौदा वर्षांतला सगळ्यात मोठा कागद 1865 चा आहे. त्रावणकोरात फार मोठी जमीन ‘पंडारवक’ होती, म्हणजे सरकारची. कसणारा पिढ्यान्‌पिढ्या कसत असला तरी तो सरकारचा कूळ. जमीन विकायची, गहाण टाकायची, मुलाच्या नावे करायची तर त्याचा हक्क लंगडा. 1865 च्या पंडारपाट्टम जाहीरनाम्याने ही जमीन कसणाऱ्याच्या मालकीची केली. सारा भरत राहा. जमीन तुझी, तुझ्या वारसांची, विकायला आणि तारण ठेवायला मोकळी. दोन वर्षांनी, 1867 मध्ये, जन्मी म्हणजे खासगी जमीनदारांच्या कुळांनाही मनमानी बेदखलीपासून संरक्षण देणारा जाहीरनामा निघाला.

या कामाची किंमत ज्याने पट्ट्यासाठी कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली माणसे पाहिली आहेत त्याला कळेल. नावावर कागद नसला की बी-बियाण्याला कर्ज मिळत नाही, विहीर खणायला हात धजत नाही, बांध घालावा तर तो उद्या कुणाचा होईल हे ठाऊक नसते. कागद हातात आला की तोच माणूस त्याच मातीत नारळ लावतो, कारण नारळ यायला वर्षे लागतात आणि ती वर्षे आता त्याची असतात. केरळातल्या मध्यम शेतकऱ्याच्या उभारणीचा आरंभ अभ्यासक या जाहीरनाम्यात पाहतात, आणि मला ते पूर्ण पटते.

तिरुवनंतपुरमची हजूर कचेरी, म्हणजे आजचे सचिवालय, याच काळातली. 1869 मध्ये ती बांधून झाली. 1866 मध्ये महाराजांच्या शाळेत कॉलेजचे वर्ग सुरू झाले, रुग्णालय आले, रस्ते आणि कालवे झाले. त्याच साली माधवराव ‘सर’ झाले. सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे आणि त्या चौकालाच लोक ‘स्टॅच्यू’ म्हणतात; बसचा कंडक्टरही तेच ओरडतो. उतरणाऱ्यांपैकी किती जणांना हा कुणाचा पुतळा ते ठाऊक असते, याची मला चुटपुट लागते.

या पुतळ्यापाशी उभे राहून आणखी एक गोष्ट आठवली पाहिजे. दक्षिण त्रावणकोरात चान्नार म्हणजे नाडार स्त्रियांनी अंगावर वस्त्र घ्यायचे की नाही यावरून दंगे झाले, बायकांची वस्त्रे बाजारात फाडली गेली, घरे जळली. दिवाण म्हणून माधवरावांनी आधी जुन्या रूढीची बाजू राखली. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी जोर लावला तेव्हा 1859 च्या जुलैमध्ये जाहीरनामा निघाला. तोही अर्धा: अंग झाकायला परवानगी, पण उच्च जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही. सहा वर्षांनी कुळाला मालक करणारा माणूस एका बाईला तिचा पदर पूर्णपणे देऊ शकला नाही. मी बाई म्हणून हे वाचते आणि त्यांच्या बाजूने बोलायला मला काही सापडत नाही.

दुसरी खंत आमच्या मुलुखाची आहे. कुंभकोणमच्या माणसाने त्रावणकोरात कसणाऱ्याला पट्टा दिला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मात्र मिरासदारीच चालत राहिली. इथे जमीन वेलीत मोजत. एक वेली म्हणजे सुमारे पावणेसात एकर, आणि एकेका मिरासदाराकडे, देवस्थानाकडे, मठाकडे अशा वेली मैलोगणती पसरलेल्या. त्यांत आमचे मराठी मिरासदार आणि इनामदारही होते. चिखलात उतरणारा पण्णैयाळ, म्हणजे बांधलेला मजूर, बहुतेक दलित. जमीन तर सोडाच, झोपडीखालची जागाही त्याची नव्हती. तंजावरच्या कुळांना आणि पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा मद्रास सरकारने केला 1952 मध्ये, पंडारपाट्टमनंतर सत्त्याऐंशी वर्षांनी. त्यानंतरही, 25 डिसेंबर 1968 च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरीच्या वादातून 44 दलितांना झोपडीत जाळून मारले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. माधवरावांनी इथे काय करायला हवे होते असे मी विचारत नाही. तंजावर तेव्हा इंग्रजांच्या कलेक्टरचे होते, त्यांच्या हाती इथला एक दाखलाही नव्हता. पण त्यांच्या गावची असल्यामुळे त्यांचे 1865 साल मला आमच्या 1968 सालाशिवाय वाचता येत नाही.

राजवाड्यातले शिष्यच पुढे दुरावले. महाराज आयिल्यम तिरुनाळ आणि दिवाण यांच्यात बेबनाव झाला आणि 1872 मध्ये माधवरावांनी पद सोडले. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात यावे म्हणून विचारणा झाली, ती त्यांनी नाकारली. 1873 मध्ये तुकोजीराव होळकरांनी इंदूरला बोलावले. तिथला मुक्काम थोडका ठरला. पुढे त्यांचे चुलतबंधू आर. रघुनाथराव, तेही कुंभकोणमचेच, इंदूरचे दिवाण झाले.

बडोद्याची हकीकत मराठी वाचकाला अधिक परिचयाची. रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशी मंडळातले तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद यांचे एकमत झाले नाही, तरी 1875 च्या एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केले गेले. महाराष्ट्रात संताप होता. त्या तापल्या वातावरणात माधवराव दिवाण होऊन आले. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला, तो सयाजीराव. राजा अज्ञान, राणी दुखावलेली, सरदार अस्वस्थ, सावकार दारात; आणि दिवाण मद्रासकडून आलेला. पण तो मराठी बोलत होता. चाळीस कोसांवरचा इंग्रज अधिकारी जे करू शकला नसता ते या तंजावरी मराठीने केले असे मी मानते. तिचे हेल बडोदेकरांना वेगळे वाटले असतील. तरी जमनाबाईंशी मध्ये दुभाषा न घेता बोलता येणे ही राज्यकारभारातली फार मोठी सोय होती.

इजारे देऊन वसूल गोळा करण्याची जुनी रीत त्यांनी मोडली, न्यायालयांची पायरी लावली, खाती वेगळी केली, शाळा वाढवल्या. त्यांच्यावर आक्षेपही होते: दक्षिणेतली माणसे आणून जागा भरतात, इंग्रजांच्या मागण्यांपुढे फार लवकर मान तुकवतात. दोन्हींत तथ्य होते. डलहौसीच्या साली त्रावणकोरात असलेल्या माणसाला इंग्रज काय करू शकतो हे पक्के माहीत होते, आणि ती धास्ती त्यांच्या हाडात शिरली होती असे मला वाटते. तंजावरच्या राणी कामाक्षीबाईंनी राजवाड्याच्या मालमत्तेसाठी कंपनीवर दावा केला, मद्रासच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या, आणि 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. कंपनीने राज्यसत्ता म्हणून केलेल्या कृतीत न्यायालय हात घालू शकत नाही, हे त्याचे कारण. कायद्याचे विद्यार्थी तो खटला अजून शिकतात. जो न्यायालयातही दाद मागू शकत नाही त्याने कारभारात बोट ठेवायला जागाच ठेवू नये, हे माधवरावांचे धोरण या निकालाच्या सावलीत वाढले.

तंजावर त्यांनी बडोद्यात आणलेही. 1880 मध्ये सयाजीरावांचे लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या मुलीशी, लक्ष्मीबाईंशी, झाले. सासरी त्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि साथीदार बडोद्याला गेले, आणि सादिर, म्हणजे पुढे भरतनाट्यम म्हणून प्रसिद्ध झालेले नृत्य, गायकवाडांच्या दरबारात रुजले. 1881 मध्ये, राज्याधिकार मिळण्याआधी, माधवरावांनी तरुण राजाला इंग्रजीतून जी व्याख्याने दिली ती ‘मायनर हिंट्स’ नावाने छापली गेली. खासगी खर्चाला मर्यादा घालावी, न्यायाधीशाच्या निकालात ढवळाढवळ करू नये, खुशमस्कऱ्यांना दूर ठेवावे, अशा गोष्टी त्यांत एक शिक्षक समजावून सांगतो. सयाजीरावांनी पुढे जे केले त्यातले पुष्कळ स्वतःचे होते. पण पाया या वर्गात घातला गेला.

त्रावणकोरपासून ओळखीच्या रविवर्म्याला बडोद्यात आणण्यातही माधवरावांचा हात होता. 1884 मध्ये त्यांनी रविवर्म्याला लिहून सुचवले, की तुमच्या चित्रांची मागणी एका हाताने पुरवणे अशक्य आहे, काही चित्रे युरोपला पाठवून रंगीत छापून घ्यावीत. दहा वर्षांनी मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. महाराष्ट्रातल्या लाखो देव्हाऱ्यांवरच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या मागे कुंभकोणमच्या दिवाणाची ही सूचना आहे.

1882 मध्ये बडोदा सोडून ते मद्रासला मैलापुरात राहिले. तिथली त्यांची वर्षे मला फार आवडतात. मलबारच्या जमीनधारणेच्या चौकशी समितीचे अध्यक्षपद सांभाळले, वर्तमानपत्रांत खगोलावर टोपण नावाने लिहिले, मुलांच्या संगोपनावर पुस्तिका काढली, बायका-मुलांसाठी मराठीत छोट्या कविता रचल्या. युरोपातली राष्ट्रे आफ्रिका वाटून घेऊ लागली तेव्हा त्या विषयावर लिहून त्यांनी ते जर्मनीच्या बिस्मार्कला पाठवले, आणि बिस्मार्कची पोच आली. संस्थानांच्या दरबारांत आयुष्य काढलेला माणूस अखेरीस बर्लिनला सल्ला पाठवत होता. 1887 च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेस भरली तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. त्याच दिवसांत रघुनाथराव आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सामाजिक परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षही माधवराव. 4 एप्रिल 1891 रोजी ते वारले.

त्याच वर्षी जानेवारीत त्रावणकोरच्या महाराजांना 10,000 हून अधिक सह्यांचा अर्ज गेला होता. मलयाळी मेमोरियल म्हणतात ते हेच. बाहेरून आलेल्या ब्राह्मणांनी संस्थानातल्या वरच्या जागा अडवल्या आहेत, त्या भूमिपुत्रांना द्या, ही मागणी. रायराया व्यंकटरावांपासून चालत आलेल्या आमच्या वाटेवरचा तो आक्षेप न्याय्य होता.

वाट तरी लगेच बंद झाली नाही. माधवरावांचे चिरंजीव आनंदराव 1909 मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले; त्यांच्यानंतर तिथे विश्वेश्वरय्या आले. कुंभकोणम कॉलेजात शिकलेले व्ही. पी. माधवराव तर त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तिन्ही ठिकाणी दिवाण झाले. त्यांच्याच काळात, 1904 मध्ये, तिरुवनंतपुरमला श्रीमूलम प्रजासभा सुरू झाली. रयतेच्या प्रतिनिधींनी दिवाणासमोर उभे राहून गाऱ्हाणी मांडायची, हा तिचा हेतू. 1912 मध्ये त्या सभेत पुलया समाजाचे अय्यनकाळी सभासद म्हणून उभे राहिले आणि त्यांनी आपल्या लोकांसाठी जमीन मागितली. 1865 चा पट्टा ज्यांच्या दारापर्यंत पोचलाच नव्हता, ती ही माणसे.